सहा बोटांचा उत्तररंग

(गुरुग्राम. अकराव्या मजल्यावरचा फ्लॅट, रविवारची दुपार. विजयाताई जन्मांध; मोबाइलवर ब्रेल टाइप करायला शिकवतात. विश्वासराव केंद्र सरकारातले अधिकारी, काचबिंदूने अलीकडेच दृष्टी गेलेली. त्यांची लेक नीरजा त्यांना लक्ष्मीबाई नगरहून कॅबने घेऊन आली आहे.)

विजया : या, असे जवळ सरका. अजून जवळ. नीरजा, तूही बस बाळ, कॅबवाल्याला थांबू दे. आज बोटांना सुट्टी आणि कानांना काम. एक आख्यान सांगते, तुम्ही कुठे ऐकलं नसेल असं.

विश्वास : आख्यान? ताई, उद्या सकाळी नऊला माझी बोर्डासमोर चाचणी आहे! तिघांसमोर एक पानभर इंग्रजी नोट टाइप करायची. जमलं तर माझा सेक्शन माझ्याकडे राहील. नाही जमलं तर डिस्पॅचच्या कोपऱ्यात खुर्ची देतील. नुसती बसायला.

नीरजा : आणि फोन पण त्यांचाच असणार, ताई. आपला चालणार नाही म्हणाले. बाबा रात्रभर झोपले नाहीत, यार. प्लीज, एक बार प्रॅक्टिस करवा दीजिए.

विजया : तीन आठवडे प्रॅक्टिसच झाली ना? फोन आडवा, काच समोरच्याकडे, मागून सहा बोटं, ब्रेलच्या एकेका ठिपक्याला एक. तो आपला पूर्वरंग होता. उत्तररंग राहिलाय.

नीरजा : हे काय असतं?

विजया : अगं, कीर्तनाचे दोन भाग. पूर्वरंगात बुवा शिकवण सांगतात. उत्तररंगात गोष्ट येते, आणि शिकवण कोणाच्या पाठीवर उमटली ते कळतं. माझे यजमान कीर्तन करायचे. खंडेराव. माझ्यासारखेच, डोळे नसलेले. गणपतीत सरोजिनी नगरपासून नोएडापर्यंत बोलावणी. झांजा माझ्या हातात. नारदाच्या गादीवर उभे राहिले की मला वाटायचं, आपल्याला दिसत नाही ते एका परीनं बरंच आहे, सगळं ऐकण्यातच आहे. स्वतःची आख्यानं ते मोबाइलवर लिहायचे, ब्रेलमध्ये. पाऊस पत्र्यावर पडतो ना, तशी बोटं चालायची.

विश्वास : छान. पण आपण जरा...

विजया : पाच वर्षांपूर्वी त्यांनी नोकरीसाठी परीक्षा दिली. मराठी टायपिंगची. रोल नंबर एकेचाळीस. हॉलमध्ये परीक्षक डोळस होते. त्यांनी फोन हातात दिला आणि आवाज पूर्ण बंद केला. म्हणाले, इथे कलकल नको. आता नीरजा, तूच सांग. आवाज बंद म्हणजे आम्ही काय लिहितोय ते आम्हाला कसं कळणार?

नीरजा : म्हणजे... आंधळ्या माणसाला परत आंधळं केलं.

विजया : शाबास. फोनमध्ये इंग्रजी ब्रेल लावलेलं होतं. ह्यांनी मराठी टाइप केलं. ठिपके बरोबर, पण उमटला नुसता इंग्रजी अक्षरांचा चिवडा. ह्यांना शंका आली होती हो! बोटं ठेवण्याआधीच विचारलं, "साहेब, फोनला कुठलं ब्रेल लावलंय?" उत्तर काय मिळालं, विश्वासराव?

विश्वास : मला काय माहीत?

विजया : "परीक्षा तुमची आहे. प्रश्न मी विचारणार."

विश्वास : नीरजा, चल. उशीर होतोय.

विजया : सगळा हॉल हसला. मी दाराबाहेर स्टुलावर बसले होते. आवाज विसरत नाही मी. आणि तीन आठवड्यांपूर्वी माझ्या दारात एक गृहस्थ फोनवर कॅबवाल्यावर ओरडत आले, "प्रश्न मी विचारणार, तुम्ही उत्तर द्या." मी चहाचा कप खाली ठेवला. म्हटलं, नारायणा, घरपोच दिलंस.

नीरजा : बाबा? ते तुम्ही होता?

विश्वास : दोनशे उमेदवार होते, नीरजा. फोन एजन्सीनं लावले होते. प्रोसिजरप्रमाणे जे समोर उमटलं, त्याला मार्क दिले.

विजया : शून्य दिलंत. शेरा मारलात, "उमेदवारास ब्रेल येत नाही." खंडेरावांना! ते पुढे फोनला शिवले नाहीत. अर्धं लिहिलेलं आख्यान तसंच राहिलं. गादीवर उभे राहायचे आणि मधेच थांबायचे. मागच्या हिवाळ्यात हवेतल्या त्या धुरानं छाती भरली, आठ दिवसांत गेले. आता हा माझा फोन घ्या. लिहा, आय वॉन्ट टु वर्क. मी शिकवलं तसंच.

विश्वास : लिहिलं. ऐकतो... "आय वॉन्ट, एक्स्क्लमेशन, वर्क." हे उद्गारचिन्ह कुठून आलं?

विजया : 'टु'साठी दोन, तीन, पाच दाबलंत. बरोबर दाबलंत. जुन्या इंग्रजी ब्रेलमध्ये तो 'टु'च होतो. नव्यात तेच उद्गारचिन्ह. तुमच्या ऑफिसातले फोन नव्यावर चालतात, आज हाही तसाच लावलाय. मी तुम्हाला तीन आठवडे जुनं शिकवलं.

नीरजा : जानबूझकर?

विजया : बिल्कुल.

नीरजा : शर्म नहीं आती? देवाचं नाव घेता दिवसभर! माझे बाबा उद्या तिथे...

विजया : येते लाज. रोज संध्याकाळी दिवा लावताना येते. सकाळी तुमची बेल वाजली की जाते.

विश्वास : नीरजा, थांब. ओरडू नकोस. ताई, एक गोष्ट तुम्हाला माहीत नाही.

विजया : मला सगळं माहीत आहे.

विश्वास : नाही. बेचाळीस नंबरची मुलगीही अंध होती. तिनं विचारलं नाही, सरळ सेटिंग उघडायला लावलं. तेव्हा मला कळलं, फोन इंग्रजीवर आहे. मी तिला बदलून दिला. तुमचे यजमान तेव्हा खाली लिफ्टपाशीच असतील. शिपाई पाठवला असता तर दोन मिनिटांत वर आले असते. पण शीटवर माझी सही झाली होती. खोडायचं म्हणजे वरती लिहून द्यायचं, की चूक माझी. मी नाही पाठवला.

विजया : ...लिफ्ट बंद होती त्या दिवशी. जिना उतरत होतो आम्ही. ते एकेका पायरीवर म्हणत होते, "विजू, माझं काहीतरी चुकलं असणार. एवढा मोठा साहेब कशाला चुकेल?"

नीरजा : पाणी आणू, ताई?

विजया : नको. हे ऐकायच्या आधी मी ठरवलं होतं, गोष्ट संपवायची, तुम्हाला दोन तास घासायचं आणि नवं शिकवून पाठवायचं. आता नाही शिकवणार.

विश्वास : बरोबर आहे.

विजया : तुमचं 'बरोबर आहे' नकोय मला! शिकवून तरी काय? तीन आठवड्यांची सवय एका दुपारीत सुटत नाही, बोटं घोटाळतील. पण उपाय आहे. त्यांच्या फोनमध्ये जुनं ब्रेलही असतं. सेटिंगमध्ये जायचं, निवडायचं. अर्ध्या मिनिटाचं काम.

नीरजा : मग मी आत्ताच फोन करते त्यांना!

विजया : रविवारी कोण उचलतंय? आणि फोन त्यांचा, सेटिंग त्यांचं. हात लावण्याआधी परवानगी घ्यावी लागेल. उद्या तुझे बाबा तिघांसमोर बसतील आणि नम्रपणे विचारतील, "साहेब, फोनला कुठलं ब्रेल लावलंय? मला जुनं लावू द्याल?" तिघांपैकी एखादा भला असला, तर देईल.

विश्वास : आणि नसला तर?

विजया : तर तो म्हणेल, प्रश्न मी विचारणार.

विश्वास : ताई, तुम्ही बरोबर चला. तुमचं ऐकतील. मी हात जोडतो.

विजया : जोडलेले मला दिसत नाहीत. माझं एकदा त्या दाराबाहेर बसून झालंय, विश्वासराव. उद्या तुमची लेक बसेल. नीरजा, बरोबर पाण्याची बाटली ने. स्टुलाला पाठ नसते, भिंतीला टेकून बस.

नीरजा : ताई...

विजया : जा आता, कॅबवाला खोळंबलाय. बाबांच्या हाताला धर, उंबरठा आहे.

विश्वास : ताई, मला एवढंच सांगायचंय की...

विजया : आज काही बोलू नका. उद्या बोला. फक्त तो प्रश्न विचारण्याआधी एक श्वास थांबा, आणि त्यांना आठवा. खंडेराव मारुती दाभोळे. रोल नंबर एकेचाळीस. त्यांनीही 'साहेब' म्हणूनच विचारलं होतं.