बुटाचा नंबर

...आणि दहा मिनिटं म्हणाले होते हो! दहा! घड्याळात चाळीस होत आली, पोरगी न्यायाधीशबाईंच्या खोलीत, दार बंद, आणि बाहेर बाकाच्या या टोकाला मी, त्या टोकाला तिची आई, मध्ये पोरीचं दप्तर. तुम्हाला सांगतो, घटस्फोटाचं आमचं दोन मिनिटांत जमलं, लग्न ठरताना नव्हतं एवढं एकमत! अडलं कुठं, तर नऊ वर्षांची पोरगी राहणार कुणाकडे? तिच्या आईलाही हवी, मलाही हवी. आणि आमचे वकीलसाहेब, शांतपणे, "काळजी करू नका, मुलीचं हित पाहिलं जाईल." अहो, मग मी काय तिचं वाईट चिंतायला आलोय?

माझं चष्म्याचं दुकान. वीस वर्षं लोकांना खुर्चीत बसवून विचारतोय, दिसतंय का, खालची ओळ वाचा! आणि गेल्या महिन्यात कोर्टाच्या समुपदेशक बाई घर बघायला आल्या, तर मलाच माझ्या घरात खुर्चीत बसवलं. वकिलांनी सगळं घोकून घेतलं होतं... वर्गशिक्षिकेचं नाव, लशींच्या तारखा, फ्रीज भरलेला ठेवा. ठेवला! दुधाच्या सात बाटल्या! बाईंनी फ्रीज उघडला, बाटल्या बघितल्या, मला बघितलं. "मुलगी किती दूध पिते?" आता काय सांगू, दुधाचं नाव काढलं की पलंगाखाली लपते ती! मग म्हणाल्या, "बुटाचा नंबर?" मी छातीठोकपणे, "दोन!" बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं, विचारलं, तर गोड हसून, "मुलीचं हित पाहिलं जाईल हं." झालं! शनिवारी पोरगी आली तेव्हा गुपचूप बूट उलटा करून बघितला. तीन! अख्ख्या गावाच्या डोळ्यांचे नंबर तोंडपाठ, आणि पोटच्या पोरीचा बूट...

पन्नास मिनिटं. आत काय सांगत असेल हो? एकदा तिला शाळेतून आणायलाच विसरलो होतो, ते? मी घातलेली वेणी शाळेच्या फाटकापर्यंतही टिकली नाही, ते? आणि समजा म्हणालीच, बाबा नकोत... तर? सरळ सांगतो, मी घाबरलो होतो. दाराशी तिच्या चपला नाहीत, आरशावर तिनं चिकटवलेल्या टिकल्या नाहीत, आणि मी एकटा त्या घरात...

तेवढ्यात बाकाच्या त्या टोकाकडून, "शाळेत विसरलास ते ती नाही सांगणार. मलासुद्धा सांगितलं नव्हतं तिनं."

"मग तुला कसं कळलं?"

"शाळेच्या शिपायाकडून." आणि मग अगदी हळू, "मी अभ्यासावरून ओरडते... ते सांगेल का रे?"

घ्या! म्हणजे त्या टोकालाही तीच भीती! मी म्हटलं, "छे, मुलीचं हित पाहिलं जाईल." तर हसली हो! वेगळे राहायला लागल्यापासून अकरा महिन्यांनी हसली, तेही कोर्टात!

दार उघडलं. पोरगी बाहेर आली, दप्तर उचललं, आम्हाला म्हणाली, "जा आता तुम्ही." गेलो. न्यायाधीशबाई म्हणाल्या, "शाळेचे दिवस आईकडे. शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ वडिलांकडे. सुट्टी निम्मी निम्मी." म्हणजे आठवड्यातल्या चार रात्री ती घरात नाही? मी म्हटलं, "बाई, ती माझ्याबद्दल काही म्हणाली का?"

बाईंनी चष्मा काढला. "ती म्हणाली, मला आईकडे बरं पडतं, पण बाबांना फार दिवस एकटं ठेवायचं नाही. त्यांना वस्तू सापडत नाहीत, दूध नासतं, झोपायच्या आधी चारदा कुलूप बघतात. सोमवार ते शुक्रवार कसंबसं निभावतील, मग मी येते, असं. तासभर माझ्याकडून वेळापत्रक लिहून घेत होती. आणि हो, तुम्ही बूट उलटा करून बघताना तिनं पाहिलं होतं, म्हणून बुटाचा नंबर तिनं तुमच्या कपाटाच्या दारावर आतून लिहून ठेवलाय म्हणे, पुन्हा कुणी विचारलं तर."

घरी येऊन कपाट उघडलं. पेन्सिलीनं, तिच्या उंचीवर. वाकून वाचावं लागलं, आणि काही केल्या अक्षर दिसेना... चष्मेवाल्याला!

तर असं आहे. पाहिलं बरं का, कोर्टानं हित पाहिलं! पोरीचा ताबा मागायला गेलो, आणि माझाच ताबा पोरीला देऊन आलो. दर शुक्रवारी येते आणि आधी फ्रीज तपासते.