मामांचा ट्रम्पेट चालू लागला

आरं, परवाच्या कार्यक्रमाला तू असायला पायजे हुतास! आमच्या विद्यापीठाच्या ऑर्केस्ट्रात गावातलं कुणीबी वाजवतंय. ट्रम्पेटवर उचगावचे शिवामामा, आख्खा जन्म लग्नाच्या बँडात गेलेला. सीझनचा पहिलाच कार्यक्रम, पुढच्या रांगेत कुलगुरू. मामांनी डोळं मिटून सूर धरला आणि सवयीनं निघाले की चालत! आम्ही नवखे, समोर काडी हलवून ताल देणाऱ्या सरांपेक्षा मामांकडं बघून वाजवणारे. निघालो मागनं, व्हायोलिनसकट! पायऱ्या उतरून थेट गेटवर. आमच्या मागं पब्लिक नाचतंय!

सर काडी घेऊन पळत आले. "मामा, कधी एका जागी थांबून वाजवलंय का?"

"व्हय की," मामा म्हणाले. "नवरदेवाचं घोडं आडलं की थांबतोय. आज कोण आडलंच न्हाय!"