अप्पांची चार्ज लिस्ट

उत्तरा : आई, हा चार्जर काढू का? माझा फोन चार परसेंटवर आलाय.

हेमलता : नको काढूस. सुखदाआत्या सकाळपासून काहीतरी लांबलचक टाइप करतेय. ते यायच्या वेळी माझा फोन बंद पडायला नको.

उत्तरा : मग बाबाचा काढते. तो तर नुसता पेपर वाचतोय.

बळवंत : काढ. शनिवारी मला कोणाचा फोन येतोय.

हेमलता : का? ऑफिसचा येईल की. तुमच्याशिवाय चालत नाही ना त्यांचं.

बळवंत : हेमा, कालपासून हा सूर लावला आहेस. कशासाठी, ते तरी सांग.

हेमलता : सांगते. लेकीसमोरच सांगते. आधी चहा घ्या.

उत्तरा : मी परत गुरुग्रामला जाऊ का? मेट्रोत उभी राहून आलेय, यार. चप्पल काढायच्या आत सुरू.

हेमलता : बस गं. तुला नाही बोलत.

उत्तरा : बदलीचंच ना? बाबा, ऑर्डर एप्रिलमध्ये आली. आता डिसेंबर. आमच्याकडे दोन महिने नोटिस, लॅपटॉप परत द्यायचा, केक कापायचा, चलो बाय.

बळवंत : तुमच्याकडे लॅपटॉप द्यायचा असतो. आमच्याकडे चार्ज द्यायचा असतो. आणि द्यायचा म्हटलं तर समोर घेणारा लागतो. भोपाळचा एक येणार होता, त्यानं आपली ऑर्डर रद्द करून घेतली. दिल्लीला यायला दुसरा कोणी तयार नाही. चार्ज रिपोर्टवर दोन सह्या लागतात, माझी एकट्याची चालत नाही. मी पुण्याला जाणार कसा?

उत्तरा : लहानपणापासून ऐकतेय हे. बाबानं चार्ज घेतला, बाबाकडे चार्ज आहे. मला वाटायचं, तुला ऑफिसात प्लगला लावतात. संध्याकाळी यायचास तेव्हा तर बिल्कुल उतरलेला असायचास.

बळवंत : एवढासा शब्द, पण किती राबतो बघ. चार्ज घेतला, चार्ज दिला. ॲडिशनल चार्ज, म्हणजे शेजारच्याचंही काम करा. इन्चार्ज, म्हणजे शिव्या तुम्ही खा. आमच्या विनायकरावांवर चार्ज ठेवले, तर माणूस चौदा महिने घरी बसला, आणि शेवटी निघालं काहीच नाही. डॉक्टर चार्ज करतात. तुझा फोन चार्ज होतो. माझंच तेवढं काही होत नाही.

हेमलता : झालं? आता माझं ऐका. काल दुधाच्या बूथवर क्षिप्रा भेटली.

बळवंत : आमच्या सेक्शनमधली?

हेमलता : तीच. इंदूरची पोर, मराठी बोलायला मिळालं की थांबत नाही. तुमचं कौतुक करत होती. म्हणे, सरांसारखी नोट अख्ख्या मजल्यावर कोणी लिहीत नाही. सरांनी स्वतःच्याच बदलीवर नोट लिहिली, ती वर गेली, तर साहेबांनी एक शब्द बदलला नाही.

(बळवंत पेपरची घडी घालतो.)

उत्तरा : कसली नोट?

हेमलता : विचार तुझ्या बाबाला.

बळवंत : रूटीन असतं ते.

हेमलता : रूटीन. तिनं मला इंग्रजीत पाठ म्हणून दाखवली. या अधिकाऱ्याचा अनुभव बघता त्यांना तूर्त सोडणं ऑफिसच्या हिताचं नाही. त्यांच्या जागी माणूस हजर होऊन चार्ज घेईपर्यंत त्यांना सोडू नये. नवीन मुलांना नमुना म्हणून दाखवते म्हणे ती.

उत्तरा : एक मिनिट. बाबाला सोडू नका, असं बाबानंच लिहिलं?

बळवंत : साहेब म्हणाले, ड्राफ्ट पुट अप करो. एकोणीस वर्षं सेक्शनची प्रत्येक नोट मीच लिहितोय. सही क्षिप्राची आहे. आपल्या केसवर आपण सही करायची नसते, तेवढं मी पाळलं.

हेमलता : सही तिची आणि शब्द तुमचे.

बळवंत : मला वाईट नोट लिहिता येत नाही, हेमा. लिहायला बसलो की हात आपोआप चालतो.

हेमलता : एक वाईट लिहिली असती, तर सुखदाचं ऑपरेशन जूनमध्ये झालं असतं.

उत्तरा : आत्याचं ऑपरेशन अजून झालंच नाही?

हेमलता : तीन वेळा तारीख घेतली, तिन्ही वेळा पुढे ढकलली. पिशवी काढायची आहे. महिन्यातले पंधरा दिवस तिच्या अंगावरून जातं, आणि तशातच ती तुझ्या आजोबांना, अप्पांना उठवते, बसवते, न्हाऊ घालते. ऑपरेशननंतर सहा आठवडे वजन उचलायचं नाही. मग अप्पांना उचलणार कोण? तिच्या नवऱ्याचा मणका गेलेला. दोन बाया ठेवून पाहिल्या, अप्पा परक्या बाईला हात लावू देत नाहीत. सहा वर्षं झाली ते तिच्या घरी आहेत. मी दिवाळीत पंधरा दिवस साताऱ्याला जाऊन आले, तेव्हा म्हणाली, वहिनी, दादाला चार्ज देता येत नाही हे मला समजतं. पण मी माझा कुणाला देऊ?

उत्तरा : बाबा, तू लीव्ह का नाही टाकत? तेवढी तर असेल ना?

हेमलता : तीनशे दिवस साठलीय. घेतात कुठे?

बळवंत : मी मे महिन्यात गेलो होतो.

हेमलता : दोन दिवस.

बळवंत : हो, दोन दिवस. पहिल्या दिवशी अप्पा मला म्हणाले, साहेब, बसा. आपला मुक्काम किती दिवस? सुखदाला म्हणाले, साहेबांना चहा दे, साखर विचारून घाल. मी म्हटलं, अप्पा, मी बळवंत. त्यांनी बरं म्हटलं आणि दहा मिनिटांनी परत विचारलं, साहेब, आपण कुठले?

उत्तरा : हे तू सांगितलं नाहीस कधी.

बळवंत : काय सांगायचं? ज्या माणसानं मला सायकलवर पुढे बसवून सगळा सातारा दाखवला, तो माझ्या चहात साखर विचारून घालायला सांगतो. दुसऱ्या दिवशी मला तिथे बसवेना. मला भीती वाटते, उत्तरा. रोज उठून आपल्याच बापाला आपण कोण ते सांगायचं, हे माझ्याच्यानं होणार नाही. ऑफिसात निदान शिपायापासून सगळे ओळखतात. साहेबांनी ड्राफ्ट मागितला तेव्हा मला बरं वाटलं. खरं सांगतो. हलकं वाटलं.

हेमलता : हे एप्रिलमध्ये सांगायचं होतं मला. मी आठ महिने तुमच्या साहेबाला शिव्या घातल्या.

बळवंत : तेही बरंच वाटत होतं.

उत्तरा : आई, तुझा फोन वाजला. आत्याच आहे. अबब, केवढं आहे हे.

हेमलता : वाच. माझा चष्मा आत आहे.

उत्तरा : वर लिहिलंय, चार्ज लिस्ट. मग... दादा, मी अठरा तारखेला ॲडमिट होतेय. आता तारीख बदलणार नाही. तू येशील, वहिनी येईल किंवा आणखी कोणी. जो येईल त्याला उपयोगी पडावं म्हणून तुमच्या ऑफिसात देतात तशी यादी केली आहे. रागावून लिहिलेलं नाही. फक्त दमले आहे.

बळवंत : पुढे वाच.

उत्तरा : एक, सकाळी आधी खिडकी उघडायची, मग हाक मारायची. अंधारात हाक मारली तर घाबरतात. दोन, उठवताना डाव्या बाजूनं धरायचं, उजवा खांदा दुखतो, पण ते सांगत नाहीत. तीन, कवळी... आई, कवळी म्हणजे?

हेमलता : दातांची. खोटे दात.

उत्तरा : अच्छा. कवळी रुमालात गुंडाळून उशीखाली लपवतात, धुवायला टाकण्याआधी उशीचा अभ्रा झटकायचा. चार, आंघोळीच्या वेळी मला फार बोलतात. पाणी अंगावर पडलं की थांबतात. ते मनावर घ्यायचं नाही, मीही आता घेत नाही. पाच गोळ्यांचं आहे, सहा पण. सात, वरणभात भरवलेला आवडत नाही. चमचा त्यांच्या हातात द्यायचा, सांडू द्यायचं. आठ, ...

बळवंत : काय झालं?

उत्तरा : काही नाही. वाचते. आठ, रोज चार वाजता दारात खुर्ची ओढून बसतात आणि विचारतात, बळवंत आला का? येईल म्हटलं तर चिडतात. चार्ज देतोय, असं सांगायचं. बाकी सगळं गेलं, पण पोस्टमास्तर होते, तेवढं अजून समजतं. मान डोलावतात आणि म्हणतात, मग वेळ लागणारच. मग मुकाट्यानं आत येतात.

हेमलता : रोज?

उत्तरा : रोज लिहिलंय.

बळवंत : मला तर ओळखलं नव्हतं त्यांनी.

हेमलता : तुम्ही समोर बसला होतात. ते दाराकडे बघत असतील.

बळवंत : खाली आणखी काही आहे?

उत्तरा : चार्ज देणार, सुखदा. चार्ज घेणार... पुढे जागा सोडलीय.

बळवंत : माझं नाव लिहून पाठव तिला.

उत्तरा : नक्की, बाबा? मग परत नाही म्हणायचं नाही.

बळवंत : पाठव. सोमवारी सकाळीच रजेचा अर्ज देतो. दोन महिन्यांचा.

हेमलता : साध्या शब्दांत लिहा. फार चांगला लिहू नका.

बळवंत : नाही लिहीत. सोळाचं तिकीट बघ गं, उत्तरा. पुण्यापर्यंत कुठलंही. पुढे एसटी आहे.

उत्तरा : बघतेय. आत्यानं वाचलं. टाइप करतेय... थांबली. परत टाइप करतेय.

बळवंत : हेमा.

हेमलता : काय?

बळवंत : मी तिथे असेन, त्यांच्या शेजारीच. आणि चार वाजता त्यांनी मलाच विचारलं, बळवंत आला का, तर?

हेमलता : तर सुखदा सांगते तेच सांगायचं. चार्ज देतोय.