फुगलेली बॅटरी

आमच्या सुग्रीवमामांचं ऐका. किल्लारीकडं एका साखर कारखान्यात आम्ही दोघं गेटवर ड्युटीला. एका सकाळी त्यांच्या वॉकीटॉकीची बॅटरी चार्जरवरच फुगली, हात लावू देईना इतकी तापली. मी भिंतीवरचं बटन बंद केलं. ती निवल्यावर मामा तिला घेऊन शेकोटीकडं निघाले.

"मामा, जाळू नका! फुटली तर डोळे जातील."

मामा दचकून थांबले. "मग पुरतो."

"पुरू बी नका. जमिनीत विष उतरतं."

मामांनी ती गुमान वाळूच्या डब्यात ठेवली. लातूरला एका दुकानात जुन्या बॅटऱ्या घेतात, तिथं डब्यासकट देऊन आलो. बाहेर पडल्यावर मामा म्हणाले, "जाळायची न्हाई, पुरायची न्हाई. माणसापेक्षा हिचंच लई अवघड हाय गा!"