पाठीमागून मारलेली हाक

मी मूळची बुरोंडीची, दर्याच्या काठावरची, आमच्यात माणूस हळू बोललं तर सगळं वाऱ्यावर जातं, काठावर उभं राहून होडीवरच्या माणसाला हाक मारायची सवय, म्हणून आवाज लहानपणापासून मोठा, आन् लग्न होऊन आले ती संगमेश्वराच्या आतल्या गावाला, इथली माणसं शेतीवाली, सावकाश बोलणारी, सासू म्हणायची, अगो, घरात बोलत्येस का बाजारात. पण त्याच आवाजावर मी वीस वर्षं गावची अंगणवाडी चालवली, काय सांगू तुमाला, मी खालून नाव घेतलं की वरच्या वाडीतलं पोर चप्पल शोधायला लागायचं.

आता सईचं सांगते, माझ्या नातीचं, त्यासाठीच तर तुमी आलाव. मुलगा मुंबईला कामाला, सून रूपाली इथं माझ्याजवळ, ती काजूच्या कारखान्यात जाते, सकाळी गेली की दिवेलागणीला येणार, म्हणून सई सहा महिन्यांची असल्यापासून माझ्याबरोबर अंगणवाडीत. शांत पोर. रडणं नाय, हट्ट नाय, सगळ्यांना मी सांगायची, बगा, माझी नात कशी गुणी. रूपालीचा आवाज अगदी बारीक, ती दारातून सई म्हणायची तर पोर वळायची नाय, आन् मी सये म्हणून ओरडले की लगेच बघायची. मंग काय, माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं. मी सुनेला बोलून पण दाखवायची, तू दिवसभर बाहेर, पोर तुला काय ओळखणार, तिला आजी पायजे.

सई दीड वर्षाची झाली तेव्हा रूपाली म्हणाली, आई, ही हाकेला ओ देत नाय, एकदा रत्नागिरीला नेऊन दाखवूया का. मी म्हटलं, हिचा बाप तीन वर्षांचा होईस्तोवर बोलला नव्हता, आता फोनवर थांबत नाय. रोज वेखंड उगाळून चाटवलं, जीभ हलकी व्हायला. तिनं मुलाला फोन केला तर तो म्हणाला, आईला कळतं, तिच्या हातून गावची पोरं वाढली. झालं, विषय मिटला.

मंग तिनं दुसरं मागितलं. अंगणवाडीला तान्ह्या पोरांसाठी चित्रांची पुस्तकं आलेली, मांजर, गाय, बोट, अशी जाड पानांची, म्हणे रोज मांडीवर घेऊन पोरांना दाखवा, बोला त्यांच्याशी. मी आयांच्या बैठकीत हेच सांगायची, मोठ्या आवाजात. पण पुस्तकं पत्र्याच्या पेटीत, प्लास्टिकात, कुलपात. पोरं चावतात, फाडतात, तपासणीला आल्या की मॅडम विचारणार, मंग जबाब कोण देणार. रूपाली म्हणाली, एक द्या आई, कामावरून आल्यावर मी सईला घेऊन बसते. मी म्हटलं, सरकारी आहे ते, घरी नेता येत नाय. एवढंच म्हटलं, पण ते मला अजून टोचतं.

गेल्या शिमग्याला पालखी आमच्या अंगणात आली, चाकरमानी आलेले, ह्याला हाक मार, त्याला वाढ, ओरडून ओरडून माझा घसा असा बसला की आठवडाभर तोंडातून निसता वारा. अंगणवाडीत पोरं आवरेनात. काय करणार, पेटी उघडली, पुस्तक काढलं, पोरं भोवती गोळा करून बसले आन् सईला घेतलं मांडीवर, तिची पाठ माझ्याकडं. मांजर कुठाय, मी हळूच विचारलं, सगळ्या पोरांनी बोटं ठेवली. सईनं आधी त्यांची बोटं बघितली आन् मंग आपलं ठेवलं. गाय कुठाय, परत तसंच. मी तिच्या केसांत तोंड घालून म्हटलं, सये. सये गो. ती पान चाटत बसलेली. परत म्हटलं. मान वळली नाय. तीन वर्षांची व्हती ती तेव्हा.

रत्नागिरीला नेलं, तपासलं. डॉक्टर म्हणाले, मोठा आवाज थोडा पोचतो हिला, साधं बोलणं पोचत नाय. माझा पोचत व्हता, बगा, म्हणून तर मी फसले. मंग त्यांनी विचारलं, तुमच्या पहिल्यांदा कधी लक्षात आलं. रूपालीनं माझ्याकडं बघितलं आन् म्हणाली, आत्ताच, शिमग्याला. दीड वर्ष गिळलं तिनं, माझ्यासाठी. त्यापेक्षा मला चारचौघांत दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

आता कानाला मशीन आहे. शिकवणाऱ्या बाई म्हणतात, भाषा येण्याचं वय निसटत चाललंय, लवकर आणलं असतं तर सोपं गेलं असतं, आता मेहनत करा, जवळ बसा, तोंड दिसू दे, एका वेळी एकानंच बोला. आन् आजींनी ओरडायचं नाय, मशीनमधून त्रास होतो पोरीला. पुस्तकं मी घरोघर वाटली, फाटली, कोपरे चावले, तपासणीला काय लिहायचं ते लिहू देत. रोज संध्याकाळी रूपाली सईला घेऊन बसते, बोटांना काजूच्या तेलाचे काळे डाग, त्याच बोटानं मांजर दाखवते, त्या बारीक आवाजात. सई मांजराला मा म्हणते, पाण्याला पा म्हणते. आजी अजून नाय आलं. येईल का नाय, मी विचारत नाय कुणाला.

परवा सई माझ्या मांडीवर व्हती. रूपालीनं चुलीजवळून हाक मारली, सई, तिच्या त्या नेहमीच्या आवाजात, मला पण जेमतेम ऐकू आली. पोरीनं मान वळवली. माझ्याकडं नाय, आईकडं. माझ्या ओठांवर आलेलं, सये, बस गो जराशी. मी नाय बोलले, हात सोडला, जाऊ दिलं.