‘बोलका’ कोणाचा

(बाबांचा आवाज घशाच्या ऑपरेशनमध्ये गेला आहे. त्यांचं इथलं सगळं बोलणं कागदावर लिहिलेलं. पलंगाच्या एका बाजूला ताई, दुसऱ्या बाजूला तिचा धाकटा भाऊ.)

ताई: परत सांग. बाबांच्या तोंडावर सांग, की ॲप स्टोअरकडे तक्रार तूच केलीस.

धाकटा: मीच केली. लपवतोय कुठे?

ताई: बाबांचा टॅबलेट दुरुस्तीहून कोरा होऊन आला. म्हटलं, स्टोअरमधून ‘बोलका’ परत घालू, बटण दाबलं की तो बाबांसाठी बोलेल. तर तिथे ‘बोलका’च नाही, तुझ्या तक्रारीवरून त्यांनी काढून टाकलाय. चार दिवस झाले, बाबा पाणी हवं असलं की पलंगाची दांडी वाजवतात. सख्ख्या मुलाची कृपा.

धाकटा: आणि तू कुणाला न विचारता तो स्टोअरमध्ये घातलास, ते?

ताई: आपण दोघांनी बनवला. त्यात विचारायचं काय?

धाकटा: दोघांनी? अकरा जणांनी, ताई. तू पडद्यावरची बटणं केलीस, मी शब्द जुळवायचं काम केलं. बाकी नऊ जण फुकट राबले, ते एका अटीवर. ज्याच्या हाती ‘बोलका’ जाईल त्याला तो उघडून बघता आला पाहिजे, बदलता आला पाहिजे, दुसऱ्याला देता आला पाहिजे. लायसन्समध्ये तसं लिहिलंय. स्टोअर काय म्हणतं? वापरा, पण हात लावू नका, कुणाला देऊ नका. लोकांनी विहीर खणली आणि तू तिला परक्याचं कुलूप लावू दिलंस.

ताई: भाषण नको. घशाच्या वॉर्डातल्या साठ जणांकडे हाच टॅबलेट आहे. स्टोअरला विचारल्याशिवाय त्यात सुई शिरत नाही. त्यांनी काय तुझी अट चाटत बसायचं?

धाकटा: मग त्या टॅबलेटवाल्यांवर ओरड. आपलाच प्रोग्राम आपल्याच बापाला द्यायचा, तर त्यांच्या दारात उभं राहायचं. याची चीड नाही येत तुला?

ताई: येते. पण मला ती गिळता येते. बाबांना पाणी मागता येत नाही.

धाकटा: माझ्या जुन्या फोनवर घालून दिलाय ना.

ताई: त्यातली अक्षरं मुंगीएवढी. पन्नाशीत पाटी धरलेला माणूस तो, काय वाचणार? तत्त्व तुझं, आणि गळा बाबांचा.

धाकटा: असं बोलायचं नाही.

ताई: का, टोचलं?

बाबा: गप बसा दोघं.

ताई: बाबा, लिहू नका. दमाल.

बाबा: त्यात आवाज कोणाचा?

धाकटा: तुमचाच. ऑपरेशनच्या आधी आठशे शब्द भरून घेतले होते.

बाबा: मग मी बारावा. हिने घातला, मला विचारलं नाही. तू काढायला लावलास, मला विचारलं नाही.

ताई: तुमच्यासाठीच तर केलं.

बाबा: माझ्या नावावर भांडता आणि मलाच मुका धरता.

धाकटा: चुकलं, बाबा.

बाबा: तिचंही चुकलं.

ताई: हो. माझंही.

बाबा: वाट आहे का काही?

धाकटा: आहे. सगळ्यांनी लेखी द्यायचं, की फक्त स्टोअरपुरती अटीत सूट, आणि मूळ प्रोग्राम बाहेर सगळ्यांना खुला. मग मी तक्रार मागे घेतो. पण सगळ्यांनी. एकही सुटता कामा नये.

ताई: नऊ जणांना आजच लिहिते. आठ जणांना. त्यातला तो घड्याळजी गेल्या वर्षी वारला.

धाकटा: त्याचा हक्क आता त्याच्या बायकोकडे. तिला विचारावं लागेल.

ताई: तिला कशाला? ती बिचारी कुठे तक्रार करणार आहे? तेवढी एक सही सोडून देऊ.

धाकटा: बघा. हिची खोड जात नाही.

बाबा: तिला मी लिहितो.

ताई: अहो बाबा, एक पान लिहायला तुम्हाला अख्खा दिवस लागेल.

बाबा: लागू दे. नवरा गेलाय तिचा. तिला घाईने विचारायचं नाही.