पूर्णेच्या दलदलीतलं वानर

अकोटच्या बाजारात कापसाच्या गाड्या अडल्या होत्या. माझ्या पुढच्या गाडीवर दोन शेतकरी बोलत होते.

“जानराव, तालुक्याच्या साहेबानं तुले पूर्णेच्या दलदलीत पाठवलं होतं म्हनते?”

“हो. तिथं मानसावानी चालनारं वानर दिसते, असं लोक सांगत होते. खरं का खोटं, पाहून ये म्हने.”

“मंग?”

“दिसलं. माह्याएवढं उंच. लव्हाळ्यात उभं राहून मलेच पाहून राहिलं होतं.”

“साहेबाले सांगतलं?”

“काहीच नाही दिसलं, म्हनलं.”

“काहून?”

“साहेब बंदूक साफ करून बसला होता. अन् ती मादी होती. कडेवर पिल्लू होतं.”

“मंग मले काहून सांगून राहिला?”

“तुहं वावर तिकडंच हाय, नत्थू. म्हशी तिकडं सोडत नको जाऊ. पिल्लू बिचकते.”